गाईड डॉगचं पिल्लू घेऊन बाहेर पडताना (जर्सीतल्या आपल्या लोकांसाठी)

सोशलायझेशन, म्हणजे पिल्लाला बाहेरच्या जगाची सवय लावणं, म्हटलं की सगळ्यांना वाटतं, पिल्लाला चार लोकांत न्यायचं आणि सगळ्यांनी त्याचे लाड करायचे. आमचाही पहिले दोन महिने हाच समज होता आणि तो निस्तरायला पुढे चार महिने गेले. खरं काम उलटं आहे. माणसं, ट्रॉल्या, बस, फुगे हे सगळं आजूबाजूला असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही आणि धावत जाऊन भेटण्यासारखंही काही नाही, एवढंच पिल्लाला पटवायचं. कारण गाईड डॉग म्हणजे अंधांना वाट दाखवणारा कुत्रा, उद्या त्याच्या हार्नेसचा (अंगावरच्या पट्ट्याचा) दांडा धरून अंध माणूस मागे चालणार. कुत्रा प्रत्येक ओळखीच्या चेहऱ्याकडे ओढत निघाला तर तो माणूस पडेल, आणि फडफडणाऱ्या प्लॅस्टिकला घाबरून थांबला तर पुढे खड्डा आहे की नुसती पिशवी हे त्या माणसाला कळणारच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या मॉरिसटाउनची 'द सीइंग आय' ही संस्था 1929 सालची. पिल्लू सात-आठ आठवड्यांचं झालं की ते सांभाळणाऱ्या घरी देतात, बरीचशी घरं फोर-एच (मुलांसाठीच्या उपक्रमांची संघटना) क्लबमधली, आणि साधारण सव्वा वर्षाचं झालं की परत घेतात. एका वेताच्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून, आणि ती संस्थाच ठेवते (आमच्या आजी आमच्या पिल्लाला बाळ्याच म्हणायच्या, ती भानगड वेगळी). रस्ता ओलांडणं, अडथळा चुकवणं हे पुढे तिथले ट्रेनर शिकवतात. आपण शिकवायच्या घरातल्या चांगल्या सवयी आणि जग दाखवायचं, बस.

साधारण 14 आठवड्यांपर्यंत पिल्लू नवीन गोष्टी पटकन स्वीकारतं, पण नेमकी तेव्हाच लसी पूर्ण झालेल्या नसतात आणि पार्वोची (पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्ग) भीती असते. त्यामुळे डॉग पार्कमध्ये अजिबात जायचं नाही आणि अनोळखी कुत्री फिरतात तिथे खाली सोडायचंच नाही. मग करायचं काय, तर कॉस्कोच्या पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून पिल्लाला मांडीवर घेऊन बसायचं. ट्रॉल्यांचा खडखडाट, रिव्हर्सचा बीप बीप, हुडी घातलेली माणसं, व्हीलचेअर, रडणारी पोरं, सगळं फुकट बघायला मिळतं. दहा मिनिटं बास. पिल्लू पेंगायला लागलं तर उत्तमच, म्हणजे त्याला काही विशेष वाटत नाहीये.

लसी झाल्या की पायी. दुकानात शिरायच्या आधी बाहेर 'पार्क टाइम' उरकून घ्या, म्हणजे शी-शू, हा शब्द संस्थेतलाच आहे. तरी पिशव्या आणि पेपर टॉवेल जवळ ठेवाच, मला कसं कळलं ते विचारू नका. सुरुवातीला पाच मिनिटं आत, मग बाहेर. लिफ्ट चालेल, ऑटोमॅटिक दरवाजे चालतील, एस्कलेटर नाही म्हणजे नाही, पंजे अडकतात.

आता माणसं. पिल्लापेक्षा माणसांनाच जास्त शिकवावं लागतं हे मी लिहून देते. ओक ट्री रोडवर, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, पिल्लू घेऊन गेलात की दर दहा पावलांवर कोणीतरी "अय्या कित्ती गोड" करत वाकणार. माझा नियम साधा होता: चारही पाय जमिनीवर असतील तरच हात लावायचा. म्हणजे मी आधी पिल्लाला बसवणार, मग समोरच्याने शांतपणे छातीला किंवा खांद्याला हात लावायचा, डोक्यावर थापट्या मारायच्या नाहीत. पिल्लू उठलं की हात बाजूला. आणि दहातल्या सात जणांना नाहीच म्हणायचं, तेही हसून, "काकू, त्याची शाळा चालूय". पोरांना सरळ काम द्यायचं, "झाडासारखा उभा राहा, बघू तो बसतो का". पोरं मोठ्यांपेक्षा चांगलं ऐकतात. ज्यांना भीती वाटते त्यांच्यावर जबरदस्ती करायची नाही. आपल्याकडून आलेल्या आई-बाबांनी आयुष्यभर भटकी कुत्री चुकवलेली असतात, ते लांबून बसून बघतात हेही पिल्लासाठी चांगलंच, प्रत्येक माणूस भेटायला येत नाही हे त्यातूनच कळतं.

खाण्याचं मात्र कडक ठेवा. पिल्लाला फक्त त्याचं किबल (कुत्र्यांचं कोरडं खाणं), तेही आपल्या हातून. आपल्या कार्यक्रमांत जमिनीवर काय काय सांडलेलं असतं तुम्हाला माहितीये. शिऱ्यातला बेदाणा प्रेमाने भरवायला येणारे भेटतातच आणि बेदाणे, द्राक्षं कुत्र्यांना विषारी असतात, कांदाही वाईट, चॉकलेटही. "प्रसाद आहे, एवढ्याने काय होतं"ला उत्तर एकच, होतं.

भीतीचं उदाहरण देते. मंडळाच्या गणपतीला ढोल-ताशा होता, मी उत्साहात पिल्लाला थेट गेटपाशी नेलं. पहिला टोल पडला आणि ते माझ्या ओढणीत घुसलं. चूक माझी. अशा वेळी ओढायचं नाही आणि उचलून "अले माझं बाळ"ही करत बसायचं नाही, लांब जायचं. आम्ही पार्किंगच्या पार टोकाला गेलो, जिथून आवाज येतो पण पिल्लू खातंय. खाणं हीच मोजपट्टी समजा, किबल नाकारलं म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. झोप नसताना जांभया, ओठ चाटणं, शेपूट आत, हीपण लक्षणं बघा. किबल खाल्लं की चार पावलं पुढे, कान मागे गेले की परत मागे. त्या दिवशी आम्ही गेटपर्यंत पोचलोच नाही, आरती लांबूनच ऐकली. पुढच्या वेळी निम्म्या अंतरावर बसून राहिलं.

ट्रेनसाठी आधी दुपारी, रिकाम्या प्लॅटफॉर्मवर जा, कडेपासून लांब बसा, दोन-तीन गाड्या नुसत्या जाऊ द्या. चढायचं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. आत सीटखाली शेपूट आत घेऊन बसवा, नाहीतर कोणीतरी पाय देतंच.

आणि हो, एडीए कायदा (अपंगांच्या हक्कांचा अमेरिकन कायदा) पूर्ण ट्रेन झालेल्या कुत्र्यांना लागू होतो, शिकणाऱ्या पिल्लांचे नियम प्रत्येक स्टेटचे वेगळे. म्हणून दुकानात आधी मॅनेजरला विचारा. एका ठिकाणी आम्हाला दारातूनच परत पाठवलं, मीही वाद घातला नाही, अंगावर संस्थेचं जॅकेट असताना आपण भांडलो तर ते संस्थेच्या नावावर जातं.

एक वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा, तारीख, जागा, कशाला दचकलं, किती वेळात सावरलं. पुढे आठवत नाही आणि ट्रेनरला नेमकं तेच हवं असतं. आमच्या वहीत शेवटच्या पानावर आहे: ढोल ठीक, ट्रेन ठीक, फुगे अजून नाही.