व्हीएम स्लो पण सीपीयू रिकामा, मग कळलं रेडी टाइमचं

आमचा डेटाबेस व्हीएमवेअरच्या एका व्हर्च्युअल मशीनवर (व्हीएम, म्हणजे एका खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने बनवलेल्या अनेक मशीनींपैकी एक) चालतो आणि सगळे लॉगिन झाले की रिपोर्ट नुसते फिरत बसायचे, आत टास्क मॅनेजर बघावा तर सीपीयू जेमतेम ३० टक्के, रॅमही मोकळी. सॉफ्टवेअरवाल्यांचं एकच, अजून कोअर वाढवा. मला काही ते पटेना.

मग आतून बघणं सोडलं आणि थेट होस्टवर, म्हणजे खालच्या खऱ्या सर्व्हरवर, ईएसएक्सटॉप हे मोजमापाचं टूल लावलं. तिथे रेडी टाइम भलताच वर! म्हणजे मशीनला काम करायचंय पण खरा कोअर मिळत नाही म्हणून ती रांगेत उभी, आणि हे आतल्या टक्क्यात नीट दिसतच नाही. व्हीसेंटरच्या (व्हीएमवेअर सांभाळायच्या सॉफ्टवेअरच्या) रिअल-टाइम ग्राफमध्ये हा आकडा २० सेकंदांमागे मिलिसेकंदात येतो, म्हणजे एका व्हीसीपीयूला (मशीनला दिलेल्या आभासी कोअरला) २००० दिसले तर १० टक्के झाले, तिथून त्रास जाणवायला लागतो. (पूर्ण मशीनचा आकडा असेल तर व्हीसीपीयूंच्या संख्येने भागायचा, नाहीतर उगाच घाबरायला होतं.)

को-स्टॉपही (पुढे गेलेल्या व्हीसीपीयूला बाकीच्यांसाठी थांबवलं जातं तो वेळ) वर होता, कारण आमच्या मशीनच्या १६ व्हीसीपीयूंना साधारण बरोबरीनेच पुढे न्यावं लागतं. म्हणून वाढवायच्या ऐवजी १६ चे ६ केले, शेजारच्या निवांत मशीनींचेही ४ चे २. कमी करायला मशीन बंद करावी लागली, सुट्टीच्या दिवशी उरकलं. रेडी टाइम एकदम खाली, रिपोर्ट झटपट.

क्लाउडवर न्यायचंही चाललंय, तिथे व्हीसीपीयू वाढले की बिल वाढतं, त्यामुळे हा ६ चा आकडा तिकडेही कामाला येतोय.