रब्बीचा पैसा जमिनीची खोली पाहून घाला

सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव, सांगलीतले जत-आटपाडी, साताऱ्यातले माण-खटाव या अवर्षणप्रवण पट्ट्यात रब्बीचं गणित ऑगस्टअखेरीसच मांडावं लागतं. इथला भरवशाचा पाऊस सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीचा, म्हणजे उत्तरा आणि हस्ताचा. तो रानात किती मुरला यावर ज्वारी उभी राहते, आणि किती मुरेल हे जमिनीच्या खोलीवर ठरतं. खर्च मात्र सात-बाऱ्यावरचं क्षेत्र पाहून होतो: पाच एकर, तर पाच एकरांना सारखंच बी, सारखंच खत. हलक्या, म्हणजे कमी खोलीच्या रानात घातलेला त्यातला बराच पैसा परत येत नाही.

म्हणून आधी खोली मोजा. प्रत्येक तुकड्यात वरच्या बांधाजवळ, मध्ये आणि खालच्या बांधाजवळ पहारीने मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्या. एकाच शेतात वर 20 सेंटिमीटर आणि खाली 70 सेंटिमीटर असा फरक सर्रास निघतो. काळ्या जमिनीचा एक सेंटिमीटर थर पिकाच्या कामाचं साधारण दीड ते दोन मिलिमीटर पाणी धरतो. म्हणजे 30 सेंटिमीटरच्या रानात 45 ते 60 मिलिमीटर, आणि 90 सेंटिमीटरच्या रानात त्याच्या तिप्पट. चार महिन्यांच्या ज्वारीला पेरणीनंतर पाऊस बेताचाच मिळतो. ती याच साठ्यावर जगते.

आता पैशाकडे या. खालचे आकडे मांडणीसाठी धरलेले आहेत, आपल्या गावचे दर घालून पुन्हा करा. खोल रानात एकरी खर्च 12,000, ज्वारी 6 क्विंटल, कडबा 15 क्विंटल. हलक्या रानात काढणी थोडी स्वस्त पडते, म्हणून खर्च 10,000. ज्वारी 2 क्विंटल, कडबा 6 क्विंटल. कडबा क्विंटलला 500 रुपयांनी धरून खर्चातून वजा केला, तर खोल रानात ज्वारी 750 रुपये क्विंटलने पडते आणि हलक्या रानात 3,500 रुपयांनी. 2025-26 साठी मालदांडी ज्वारीची आधारभूत किंमत 3,749 रुपये होती. हलक्या रानाचा मालक वर्षभर राबून शेवटी बरोबरीत सुटतो, आणि घरच्या माणसांची मजुरी तर यात धरलेलीच नाही. नांगरट, पाळी, पेरणी यांचे दर किती पिकेल ते बघून ठरत नाहीत, एकर बघून ठरतात. तिथेच हे गणित बिघडतं.

पहिला पैसा वाफ्यांवर घाला. मध्यम आणि खोल रानात उताराला आडवे सारे (मातीचे बुटके वरंबे) पाडून साधारण 10 बाय 10 मीटरचे वाफे करा. उतार जास्त असेल तिथे ते 3.60 बाय 3.60 मीटरपर्यंत लहान ठेवा. ट्रॅक्टरचं सारा यंत्र किंवा बळीराम नांगर, दोन्ही चालतं. हे काम जुलैतच व्हायला हवं, पण राहिलं असेल तर ऑगस्टअखेरीसही करा, मोठा पाऊस तेव्हा अजून यायचा असतो. वाफ्यांनी 20 मिलिमीटर पाणी जास्त मुरवलं तर एकरी सुमारे 80,000 लिटर होतं, म्हणजे 10,000 लिटरचे आठ टँकर. मोक्याच्या वेळी मिळालेल्या एका मिलिमीटरमागे हेक्टरी 10 किलोच्या आसपास ज्वारी धरली, तर एकरी 80 किलो दाणा वाढतो, कडबा वेगळा. सारा यंत्राच्या भाड्याशी ताडून बघा.

वाफे फसतात ते दोन कारणांनी. सारे उताराच्या दिशेने पडले, तर एक फुटला की पाणी पुढचे सगळे फोडत खाली जातं. आणि भारी, म्हणजे खोल काळ्या रानात पाणी चार-पाच दिवस तुंबून राहिलं तर वाफसा (पेरणीजोगी ओल) लांबतो व पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ढकलली जाते. अशा रानात खालच्या बाजूला जादा पाणी काढून द्यायला दगडी सांडवा ठेवाच.

वाहून जाणाऱ्या मातीची किंमत लावताना बहुतेक जण चुकतात. एकरावरचा एक मिलिमीटर थर म्हणजे सुमारे पाच टन माती. तिच्यातलं नत्र दोन-अडीच किलो असतं. अनुदानित युरियाच्या भावाने पंचवीस-तीस रुपये. म्हणून कोणाला ते नुकसान वाटत नाही. पण एक सेंटिमीटर थर गेला की एकरी 6,000 ते 8,000 लिटर ओल धरायची जागाच गेली, आणि ती दरवर्षी गेली. खताची पिशवी दुकानात मिळते, खोली मिळत नाही.

पेरणीचा काळ 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. हलकं रान आधी, भारी नंतर. फार लवकर पेरलं तर खोडमाशी पोंगे (रोपाचे मधले कोंब) मारते. उशिरा पेरलं तर दाणे भरताना ओल संपते आणि खडखड्या रोग येऊन ताटं लोळतात. पेरणीआधी ओल मोजायला आठ-दहा मिलिमीटर जाडीची लोखंडी सळई सरळ दाबा. ओल्या मातीत ती सरसर जाते, कोरडा थर लागला की अडते. खतमात्रा ठरवायला एवढी परीक्षा पुरे.

वाण खोलीप्रमाणे घ्या. हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यमला फुले सुचित्रा किंवा मालदांडी 35-1, भारी रानाला फुले वसुधा किंवा फुले यशोदा. फुले रेवती बागायतीसाठी आहे. कोरडवाहूत लावून वाणाला नावं ठेवू नका. बियाणं एकरी 4 किलो. काणी रोग टाळायला किलोला 4 ग्रॅम 300 मेश (बारीक) गंधक चोळा, जिवाणू खत सर्वांत शेवटी लावून सावलीत सुकवा. अंतर 45 बाय 15 सेंटिमीटर, म्हणजे एकरी साठ हजारांच्या आत ताटं. सळई फूट-दीड फुटावरच अडत असेल तर विरळणीत दोन रोपांतलं अंतर 20 सेंटिमीटर करा. ताटं 45,000 वर येतात, पण कणसं भरतात.

खताचा सगळा हप्ता दोन चाड्यांच्या (बी आणि खत वेगळं सोडणाऱ्या) पाभरीने पेरतानाच ओलीत जाऊ द्या. नंतर वरून फेकलेला युरिया कोरड्या मातीवर तसाच पडून राहतो. भारी रानाला एकरी डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) 26 किलो आणि युरिया 42 किलो, मध्यमला 17 आणि 28 किलो, हलक्याला फक्त युरिया 22 किलो. भारी रानातही ओल अर्ध्या खोलीपर्यंतच उतरली असेल तर मध्यमची मात्रा घाला. खत आणि बी एकाच नळ्यातून सोडू नका, उगवण मार खाते.

कोळपण्या तीन: तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासेच्या, आठव्यात दातेरी. तण नाही म्हणून तिसरी टाळतात, आणि तीच महागात पडते. तोवर भेगा पडू लागतात, आणि भेगेतून खालच्या थराची ओल उडते. दातेरी कोळपं भेगा बुजवतं.

15 बाय 15 मीटरचं, तीन मीटर खोल, उतरत्या बाजूंचं शेततळं भरलं तर त्यात सुमारे 4.4 लाख लिटर पाणी बसतं. एका एकराला 50 मिलिमीटर द्यायला दोन लाख लागतात. अस्तर नसेल तर पाझर आणि बाष्पीभवन धरून एकच एकर हिशोबात घ्या. पाणी जानेवारीपर्यंत राखत बसू नका; पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी), 50 ते 55 दिवसांनी, तुषार सिंचनाने देऊन मोकळे व्हा. आणि ते सर्वांत खोल तुकड्याला द्या, वाळायला लागलेल्या हलक्याला नको.

22 सेंटिमीटरच्या आतलं रान ज्वारीतून काढाच. तिथे मारवेल, पवना किंवा स्टायलो या चाऱ्याचं कुरण करा, नाहीतर सीताफळ आणि बोर लावा. फळझाडांना भाऊसाहेब फुंडकर योजना किंवा रोजगार हमी यांसारख्या सरकारी योजनांतून अनुदान मिळू शकतं, पण पहिल्या दोन उन्हाळ्यांच्या पाण्याची सोय आधी बघा. कुरणाला पेरणीचा खर्च एकदाच येतो आणि माती जागेवर राहते.

रान अर्धेलीने (निम्म्या वाट्याने) किंवा खंडाने (भाड्याने) असेल तर एक भानगड असते. एका वर्षाचा खंडकरी वाफे करेल, पण बांध दुरुस्त करणार नाही. बांधाचा फायदा त्याला मिळणारच नाही. कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, या भीतीने मालक लांब मुदतीचा करार करत नाही. अशा ठिकाणी बांध आणि सांडव्याचा खर्च मालकाने स्वतः करावा आणि तो पुढच्या खंडात थोडा थोडा मिळवावा. कडब्याचा वाटा मात्र पेरणीआधीच बोलून ठेवा. वाद दाण्यापेक्षा कडब्यावरून जास्त होतात.