साखर, गूळ, मध काहीही न घालता चकचकीत चिकन विंग्ज कसे करावे

शुगर असलेल्या माणसासाठी ग्लेझवाले, म्हणजे वरून चकचकीत चिकट सॉसचा थर दिलेले विंग्ज करायचे म्हटलं की सल्ले सुरू होतात. साखरेऐवजी गूळ घाला, मध घाला, खजूर वाटून घाला, नॅचरल असतं, काही होत नाही. होतं. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, मधात शंभर ग्रॅमला ऐंशी ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि ग्लुकोमीटरला नॅचरल वगैरे काही कळत नाही.

दुसरी पार्टी शुगर-फ्री पावडरवाल्यांची. एरिथ्रिटॉल (साखरेसारखीच दाणेदार शुगर-फ्री पावडर) घालून ग्लेझ करून बघा, कढईत छान दिसतं, गार होऊ लागलं की त्याचे परत कण धरतात, विंग्ज कचकचीत लागतात आणि जिभेवर विचित्र गारवा येतो. स्टेविया, सुक्रालोज यांनी गोडी येते पण ते लागतं चिमूटभर, त्यामुळे सॉसला अंगच येत नाही. वर काही पुड्यांमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) भरलेलं असतं आणि ते रक्तातली साखर चढवतं, तेव्हा निदान पुडीची मागची बाजू वाचत जा. राहिलं सॉस घट्ट करायला कॉर्नफ्लोअर, त्यात चमचाभर म्हणजे सात-एक ग्रॅम कार्ब्ज, आणि एवढं करून वरची कुरकुरीत स्किन पाच मिनिटांत मऊ पडते ती पडतेच.

आमच्याकडे सासऱ्यांना शुगर आहे आणि चिकनवर त्यांचा जीव आहे, त्यामुळे हा पदार्थ घरात सारखा होतो. माझं ठाम मत असं की चिकटपणा बाहेरून आणायचाच नाही, तो कोंबडीतूनच काढायचा. पंखांची टोकं आणि पाय यांच्यात जे कोलॅजन नावाचं प्रोटीन असतं त्याचं उकळून जिलेटिन होतं, आणि ते आटवलं की ओठ चिकटतील असं ग्लेझ तयार होतं. यात स्टार्च शून्य, साखर जवळपास नाहीच. पण हे ज्यांना फक्त साखर आणि कार्ब्ज कमी करायला सांगितलंय त्यांच्यासाठी आहे, डॉक्टरांनी फॅट किंवा मीठही बंद केलं असेल तर हा पदार्थ तुमचा नाही, आणि किडनीचा त्रास असेल तर प्रोटीनचं प्रमाण आधी विचारून घ्या.

चिकनवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं की एक किलो विंग्ज स्किनसकट पाहिजेत, नाहीतर तो सवयीने सगळं सोलून हातात देईल आणि मग भाजताना कुरकुरीत व्हायला काही उरतच नाही. सोबत सहा-सात पाय मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी ते किरकोळ पैशात मिळतात. घरी आल्यावर विंग्जची टोकं कापून बाजूला ठेवा, बाकीचा तुकडा सांध्यात कापून दोन करा. तुकडे कोरडे पुसून त्यांना एक चमचा मीठ आणि दोन छोटे चमचे बेकिंग पावडर चोळा. पावडर हं, खायचा सोडा नाही, सोड्याने साबणासारखी चव येते. उघड्याच ताटात रात्रभर फ्रिजमध्ये.

आता स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी. पाय उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून वरची पिवळी साल ओढून काढायची, नखं छाटायची (कंटाळवाणं काम आहे, पण टाळलं तर स्टॉकला वास येतो). पाय, टोकं, आल्याचा ठेचलेला तुकडा, दालचिनीचा बोटभर तुकडा, चमचाभर बडीशेप आणि सव्वा लिटर पाणी कुकरमध्ये. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून पाऊण तास. मीठ अजिबात नाही. दालचिनी आणि बडीशेप उगाच सुगंधासाठी नाहीत, त्यांच्या वासाने जिभेला गोड असल्याचा भास होतो आणि साखर नसलेल्या सॉसमध्ये तो भास कामाचा असतो. गाळून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वरची चरबी चमच्याने उचलून टाका, खालचा स्टॉक डुगडुगला पाहिजे. भांडं तिरकं केल्यावर तो पाण्यासारखा वाहत असेल तर पाय कमी पडलेत, पुढे जाऊ नका, अजून पाय आणून परत शिजवा.

इथून पुढचा जो टप्पा आहे ना, ग्लेझ आटवायचा, तिथे मी फार दिवस अडकले होते, कारण कुठेही नीट लिहिलेलं सापडत नाही, सगळे "घट्ट होईपर्यंत आटवा" म्हणतात आणि मोकळे होतात. घट्ट म्हणजे किती? गरम असताना हे ग्लेझ कधीच घट्ट दिसत नाही! जिलेटिन गरम असेपर्यंत पातळच राहतं, गार झालं की धरतं. म्हणून डोळ्यांना घट्ट दिसेपर्यंत आटवलंत तर ताटात रबर येणार.

बघायचे ते बुडबुडे. पसरट स्टीलच्या कढईत मोठ्या आचेवर स्टॉक ठेवला की आधी पाण्यासारखे मोठे, भराभर फुटणारे बुडबुडे येतात, बराच वेळ तेच चालतं. साधारण एक तृतीयांश उरलं की आच मध्यम करायची. मग एका क्षणी आवाज बदलतो, खळखळ थांबून जाडसर फदफद सुरू होते, बुडबुडे बारीक आणि चकचकीत होऊन एकावर एक चढायला लागतात. चमचा ओढला की तळाला रेघ पडते आणि सेकंदभर टिकून भरून येते. बस्स, इथे थांबायचं. लिटरभर स्टॉकचं जेमतेम पाऊण वाटी होतं. खात्री करायची तर स्टीलची ताटली फ्रीजरमध्ये आधीच ठेवा, तिच्यावर एक थेंब टाका, अर्ध्या मिनिटाने दोन बोटांनी चिमटा, तार आली पाहिजे. जास्त आटलं तर घाबरायचं कारण नाही, चमचाभर गरम पाणी घाला, परत मोकळं होतं. साखरेच्या पाकाला ही माफी नसते.

आंबटपणासाठी मी आमसूल वापरते. चिंच नको, तिच्या कोळात साखर बरीच असते. सात-आठ आमसुलं अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवून पिळून घ्यायची, आणि ते पाणी स्टॉक अर्ध्याहून जास्त आटल्यावरच घालायचं, आधी नाही, कारण आंबटात खूप वेळ उकळलं की जिलेटिनची ताकद जाते. लोखंडी कढई तर वापरूच नका, सॉस काळा पडतो आणि धातूची चव येते. आमसुलात बरेचदा मीठ असतं, शिवाय आटताना खारटपणा वाढत जातो, म्हणून मीठ अगदी शेवटी, चाखून.

आणखी एक, शेवटी ताजं आलं किसून घालायची हौस अनेकांना असते. करू नका. कच्च्या आल्यात जिलेटिन तोडणारं एन्झाइम असतं, कच्च्या पपईत आणि अननसातही असतं, केलेली सगळी मेहनत पातळ होऊन जाईल. उकळलेल्या आल्याने काही होत नाही, म्हणून ते स्टॉकमध्येच गेलं.

वेगळ्या छोट्या पातेल्यात चमचाभर तेलावर आठ-दहा लसूण पाकळ्या बारीक चिरून मंद आचेवर फिक्या सोनेरी करा, गॅस बंद करून दोन चमचे काश्मिरी मिरची पूड घाला आणि हे सगळं ग्लेझमध्ये ओता. ग्लेझ गॅसवरून उतरवून त्यात फ्रिजमधलं थंड बटर, वीसेक ग्रॅम, तुकडे करून घाला आणि कढई फिरवत राहा. गॅस चालू असताना बटर घातलं तर तेल सुटून वर तरंगतं. सुटलंच तर थोडं गरम पाणी आणि जोरात फेटणं, येतं ताळ्यावर.

विंग्ज ओव्हनमध्ये जाळीवर २२० अंशाला ४० ते ४५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. एअर फ्रायरमध्ये २०० ला २५ मिनिटं, पण गर्दी करू नका. स्किन टणटणीत वाजली पाहिजे.

तुकडे ग्लेझमध्ये बुडवू नका, मोठ्या भांड्यात घेऊन अर्धं ग्लेझ ओतून हलवा, परत जाळीवर तीन-चार मिनिटं, मग उरलेलं ब्रशने लावा. पहिला थर सुकून धरतो, दुसऱ्याने चकाकी येते. एकदाच सगळं ओतलं की ते खाली ताटात जमतं आणि विंग्ज कोरडेच राहतात.

लगेच खायचे, कारण कोमट झाले की ग्लेझ घट्ट होतं आणि थंडीत तर अजून लवकर, ताटं आधी गरम करून घेतली तर चांगलं. उरले तर मायक्रोवेव्हमध्ये नाही, ओव्हनमध्ये १८० ला पाच मिनिटं. सोबत काकडी, मुळा, कांदा काहीही द्या, फक्त बाजूला केचपची बाटली ठेवू नका, तिच्यात पाव हिस्सा साखर असते आणि सासरे मंडळींचा हात नेमका तिकडेच जातो.