हाताच्या इशाऱ्यावर चालणारा रोबोट : या चुका टाळा

यवतमाळकडच्या आमच्या गावातल्या पोट्ट्यांनी विज्ञान प्रदर्शनासाठी हाताच्या इशाऱ्यावर पळणारी गाडी केली. हेडमास्तर पाहायला आले, पोराने कपाळाचा घाम पुसला आणि गाडी सुसाट टेबलाखाली. कोड बरोबर होता. चुकला होता तो इशारा.

ही चूक सगळ्यांत जास्त होते. यंत्राला हात दिसतो, मनातलं दिसत नाही. माशी हाकलणं, घाम पुसणं, कोणाला बोलावणं, हे हात दिवसभर करतच असतो. त्यात आपण "ये" म्हणताना तळवा खाली करून बोटं हलवतो. कॅमेऱ्यातून हात ओळखणारं मीडियापाइप हे सॉफ्टवेअर हाताचे 21 बिंदू शोधते. तळवा खाली वळला की बोटं एकमेकांआड जातात आणि बिंदू भरकटतात. म्हणून इशारा मुद्दाम करावा लागेल असाच निवडा. मूठ पूर्ण एक सेकंद वळली तरच गाडी "चालू". हात नुसता लोंबत असेल तर गाडी थांबलेलीच पाहिजे.

कॅमेऱ्याऐवजी हातमोज्यावर एमपीयू-6050 (हाताचा कल मोजणारा सेन्सर) लावला असेल तर हातमोजा घालून, हात स्थिर ठेवून मगच चालू करायचं बटण दाबा. चालू होताना हात जसा असेल तेच बरेच कोड शून्य धरतात. त्यातल्या नुसत्या जायरोवर (वळण्याचा वेग मोजणारा भाग) विसंबू नका, कोन हळूहळू सरकत जातो. त्यातल्याच अ‍ॅक्सेलरोमीटरची (गुरुत्वाकर्षणावरून कल सांगणारा भाग) जोड द्या. 10-15 अंशांपर्यंतचा कल सोडूनच द्या, नाहीतर हाताच्या थरथरीवर गाडी नाचते.

गाडी झटका देऊन बंद पडते, पुन्हा सुरू होते? कोडमध्ये डोकं घालण्याआधी बॅटरी पाहा. चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी मोटारींना पुरत नाही, दोन 18650 सेल (चार्ज होणारे लिथियम सेल) जोडा. मोटारींना वीज पुरवणारी पट्टी, म्हणजे एल298एन ड्रायव्हर, स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, तेही धरून चाला. आर्डुइनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड) आणि ड्रायव्हरचा ग्राउंड, म्हणजे ऋण बाजूची तार, एकच हवा.

आणि आपलं ऊन! एपीडीएस-9960 सारखा सेन्सर इन्फ्रारेडवर (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) हात ओळखतो, उन्हातही इन्फ्रारेड भरपूर. एप्रिलात अंगणात तो आंधळाच समजा. कॅमेरा असेल तर उघड्या दाराकडे पाठ करून उभं राहू नका, हाताची नुसती काळी सावली दिसते.

ब्लूटूथ मध्येच तुटलं तर? काही न सांगितल्यास गाडी शेवटचाच हुकूम पाळत राहते. अर्धा सेकंद नवा संदेश आला नाही की मोटारी बंद, एवढं कोडमध्ये घालाच. आमच्या पोट्ट्यांनी घातलं नव्हतं. गाडी व्हरांड्यातून थेट नालीत गेली, ड्रायव्हर भिजला, आणि प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.