ऊस ट्रॉलीचे ब्रेक लायनर लवकर का झिजतात?

निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचे लायनर (ब्रेकमध्ये घासणारे अस्तर) हंगाम संपण्याआधीच झिजले, तर नवे बसवण्यापूर्वी झीज एकाच चाकाला आहे की सर्व चाकांना, हे आधी पाहावे. माझ्या मते निम्मे निदान येथेच होते. तवंदी घाट उतरल्यावर सुरक्षित जागी थांबून प्रत्येक हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात न टेकवता धरावा. एकच हब जास्त तापलेला असेल, तर त्या चाकाची रिटर्न स्प्रिंग (ब्रेक सोडल्यावर शू मागे ओढणारी) सैल झाली असेल, शू (लायनर बसवलेली पट्टी) अडकत असेल किंवा ब्रेकची जुळणी फार घट्ट झाली असेल, अशी शक्यता धरावी.

नंतर रिकामी ट्रॉली सपाट जागी उभी करून, इतर चाकांना दगड लावून, जॅकसोबत भक्कम आधार देऊन आणि ब्रेक सोडून चाक हाताने फिरवावे. ते जड फिरले, तर ड्रम (ज्याच्या आत लायनर घासतात तो गोल भाग) उघडावा. आतील धूळ हवेने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास फुफ्फुसांना घातक तंतू) असू शकते. लायनरवर ग्रीस दिसल्यास हबचे सील बदलावे आणि ग्रीस मुरलेले लायनर पुन्हा वापरू नयेत. सर्व चाकांची झीज सारखीच असेल, तर जादा भार आणि उतारावर खालच्या गिअरऐवजी सतत ब्रेक दाबण्याची सवय तपासावी.