घरात ऐकलेली कोरियन पुन्हा बोलती करताना

लहानपणी कोरियन कानावर पडलेल्यांनी अगदी नवशिक्यांच्या वर्गात बसू नये, कंटाळा येतो. कान तयार असतो. अडतं ते लिहिण्यात आणि मोठ्यांशी बोलण्यात.

हंगुलची, म्हणजे कोरियन लिपीची, मूळ अक्षरं २४: १४ व्यंजनं, १० स्वर. ती लवकर बसतात. खरी गोची शुद्धलेखनाची. ‘नाही’ या अर्थी ‘ऑप्सॉ’ ऐकतो तसं लिहिलं की हमखास चुकतं, कारण कोरियनमध्ये अक्षरं ठोकळ्यांत रचतात, एका ठोकळ्यात एक उच्चार-तुकडा; इथे ‘प’ आणि ‘स’ दोन्ही पहिल्या ठोकळ्याच्या तळाशी बसतात आणि दुसरा ठोकळा मुक्या वर्तुळाने, म्हणजे उच्चार नसलेल्या गोल अक्षराने, सुरू होतो. उपाय जुनाच, श्रुतलेखन: रोज पाच वाक्यं ऐकून लिहा, मूळ मजकुराशी ताडून पाहा, चुकलेली दुसऱ्या दिवशी परत घ्या. ‘ए’सारखे ऐकू येणारे दोन स्वर मात्र शब्दागणिक पाठच करावे लागतात.

घरची बोली बहुधा ‘अरे-तुरे’ची, बाहेर ती उद्धट वाटते. स्वतःसाठी ‘ना’ऐवजी ‘जॉ’ म्हणा, वाक्याच्या शेवटी ‘यो’ लावा. तेवढ्यानेही भागत नाही: ‘जेवलास का’ला ‘मॉगॉस्सॉ’, पण आजीला ‘मॉगॉस्सॉयो’ नव्हे, ‘दुश्यॉस्सॉयो’. असे आदरार्थी शब्द मोजकेच आहेत. जोडीने पाठ करा.