बँकॉकमध्ये स्वस्तात जेवताना

बँकॉकमध्ये कमी खर्चात पोटभर जेवायचे असेल, तर स्टीलच्या ट्रेमध्ये आठ-दहा रस्से आणि परतलेल्या भाज्या मांडून ठेवलेले 'खाओ कैंग'चे दुकान शोधावे; बोट दाखवून निवडलेले दोन पदार्थ भातावर वाढून साधारण ५० ते ७० बाटमध्ये मिळतात. तिथे दुपारी बाराच्या आधी पोहोचावे, कारण रस्से सकाळीच रांधलेले असतात आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला तळाशी उरलेलेच येते. शाकाहाऱ्यांनी नुसत्या भाजीवर विसंबू नये, कारण कच्च्या पपईची कोशिंबीर 'सोम ताम' कुटतानाही उखळात फिश सॉस आणि सुकवलेली कोळंबी, म्हणजे आपले सोडेच, सर्रास पडतात. त्याऐवजी पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत 'जे' लिहिलेले दुकान पाहावे, जिथे मांस-मासेच काय, लसूणही वापरत नाहीत.